पदर आणि पावतीपुस्तक

८४१.

२३ नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचे निकाल लागले, तेव्हापासून हा आकडा माझ्या डोक्यातून जात नाही. बुलढाण्यात शिंदे शिवसेनेचे संजय गायकवाड निवडून आले, ठाकरे शिवसेनेच्या जयश्री शेळके पडल्या, आणि दोघांमध्ये अंतर होतं ८४१ मतांचं. आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या लग्नात पहिल्या दोन पंगतींना याहून जास्त माणसं बसतात.

त्या का हरल्या, हे मी सांगत बसणार नाही. ८४१ मतांनी निवडणूक जाते तेव्हा कारणं शंभर असतात आणि त्यातलं एक उचलून ‘हेच ते’ म्हणणं खोटेपणाचं होईल. मला फक्त एक गुणाकार करायचा आहे. शेळके यांना नव्वद हजारांवर मतं पडली. विधानसभेच्या उमेदवाराला खर्चाची मर्यादा आहे ४० लाख रुपये. मत देणाऱ्या त्या नव्वद हजार माणसांनी माणशी ४४ रुपये दिले असते, तर ३९ लाख ६० हजार झाले असते. म्हणजे कायदा जेवढा खर्च करू देतो, जवळजवळ तेवढा सगळा.

४४ रुपये! शेगावला उतरलं की कचोरी आणि चहावर यापेक्षा जास्त जातात.

निवडणुकीला उभ्या राहिलेल्या बाईने लोकांकडे उघडपणे पैसे मागावेत आणि लोकांनी पावती घेऊन ते द्यावेत, असं माझं म्हणणं आहे. ऐकायला साधं वाटतं. पण हे बोलून दाखवलं की समोरच्याचा चेहरा कसा बदलतो ते मी पाहिलं आहे.

आधी एक जुनी समजूत बाजूला सारू. ‘लोक बाईला मत देत नाहीत’ असं जो म्हणतो त्याला चिखलीला न्यावं. १९९५, १९९९, २००४ अशा तीन निवडणुकांत चिखलीने रेखाताई खेडेकरांना आमदार केलं. २०१९ आणि २०२४ ला श्वेता महाले यांना केलं. मधल्या दोन वेळा राहुल बोंद्रे होते. सात निवडणुकांत पाच वेळा बाई. महाराष्ट्रात असे मतदारसंघ शोधावे लागतील, आणि हा आपल्या जिल्ह्यात घाटावर आहे. तिकडे जळगाव जामोदला काँग्रेसच्या स्वाती वाकेकर २०१९ ला आणि पुन्हा २०२४ ला संजय कुटेंच्या समोर उभ्या राहिल्या. म्हणजे २०२४ ला जिल्ह्यातल्या सात जागांपैकी तीन जागी मुख्य लढतीत बाई होती. मतदाराने काही तोंड फिरवलेलं नाही.

आता राज्याकडे बघा. त्याच निवडणुकीत ४,१३६ उमेदवार होते, त्यात बायका ३६३. निवडून आल्या २१. विधानसभेत जागा २८८. आणि बुलढाणा लोकसभा मतदारसंघाने तर आजवर एकही बाई दिल्लीला पाठवलेली नाही.

मग बाई अडते कुठे? मतदान केंद्राच्या बऱ्याच अलीकडे, तिकिटाच्या मुलाखतीच्या खोलीत. तिथे ‘इलेक्टिव्ह मेरिट’ नावाचा एक शब्द फिरतो. तो सोलून पाहिला की आत एकच प्रश्न असतो: खर्चाचं काय? काम किती वर्षं केलं, किती गावं पायी फिरलात, बायकांची किती भांडणं चावडीवर सोडवलीत, हे सगळं त्या प्रश्नाच्या मागे रांगेत उभं राहतं.

आणि तिच्याकडे खर्चाला असतं काय?

सातबारा पाहा. नाव सासऱ्याचं, नाहीतर नवऱ्याचं, नाहीतर दिराचं. जमीन तिच्या नावावर नाही म्हणून तारण नाही, आणि तारण नाही म्हणून कर्ज नाही. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी हे फार आधी ओळखलं होतं. १९८६ च्या नोव्हेंबरात चांदवडला शेतकरी बायकांचं अधिवेशन भरलं. पुढे १९८९ मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या विटनेर गावाने सगळी ग्रामपंचायत बायकांच्या हाती दिली, आणि त्यानंतर लक्ष्मीमुक्तीची मोहीम निघाली: घरधन्याने जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे करून द्यायचा. पंचायत आणि सातबारा या दोन गोष्टी एकाच चळवळीत एकापाठोपाठ आल्या, हा मला योगायोग वाटत नाही. जिच्या नावावर काही नाही ती सत्तेत गेली तरी कुणाच्या तरी नावावरच जाते.

विधानसभेची अनामत १०,००० रुपये. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव होता क्विंटलला ४,८९२, आणि बाजारात तो मिळत नव्हता हे आपण सगळ्यांनी भोगलं. तो मिळाला असं धरलं तरी अनामतीपायीच दोन क्विंटलांहून जास्त सोयाबीन जातं. खर्चाची मर्यादा ४० लाख, म्हणजे आठशे अठरा क्विंटल. एकरी पाच क्विंटलचा उतारा धरा, दीडशे एकरांवरचं पीक झालं. आणि ही कागदावरची मर्यादा आहे. प्रत्यक्षात निवडणुकीत काय उधळलं जातं ते गावागावाला माहीत आहे.

दीडशे एकर कुणाकडे असतात? ज्याच्याकडे असतात तो, किंवा ज्याला टेंडर मिळतात तो, बाईच्या निवडणुकीचा खर्च उचलतो. मग निवडून आल्यावर तिच्या दारात गाडी कुणाची उभी असते, याची चर्चा आपण पारावर करतो. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, ही म्हण आपल्या आज्यांनी काय उगीच जपली? मला एवढंच म्हणायचं आहे की पोळी चाळीस हजार घरांची असू द्या. मग टाळी कुणा एकासाठी वाजवावी लागणार नाही.

आता चेहरा बदलतो तिथे येऊ.

पुरुषाने निवडणुकीला पैसे मागितले की त्याला आपल्याकडे सुंदर शब्द आहेत. लोकवर्गणी. मदतफेरी. ‘एक व्होट, एक नोट’. राजू शेट्टी २००९ ला हातकणंगल्यातून लोकसभेला उभे राहिले तेव्हा ऊसवाल्यांनी त्यांना मतासोबत नोटही दिली, आणि महाराष्ट्राने त्याचं कौतुक केलं. केलंच पाहिजे होतं. आपल्याकडे २०२४ च्या लोकसभेला रविकांत तुपकर अपक्ष उभे राहिले. मागे मोठा पक्ष नाही, साखर कारखाना नाही, तरी अडीच लाखांच्या घरात मतं. गावोगाव शेतकऱ्यांनी खिशात हात घातला आणि कुणी नाक मुरडलं नाही. उलट लोक म्हणाले, जनतेचा माणूस आहे.

हेच बाईने केलं तर? तिच्यासाठी मराठीत वाक्प्रचार तयार आहे: पदर पसरला. पुरुष मागतो ती वर्गणी आणि बाई मागते ती भीक, हा निवाडा भाषेनेच करून ठेवला आहे. माझ्या ओळखीची एक बाई पंचायत समितीला उभी राहिली होती. वर्गणीची गोष्ट तिने घरात काढली, तर सासू म्हणाली, ‘तुले पैसे मांगाले कायले जा लागते लोकाइच्या दारात? तुया नवरा मेला काय?’ सासूचा राग मला कळतो. तिने सगळं आयुष्य हेच पाहिलं होतं की बाई दारोदार गेली म्हणजे घरातला कर्ता गेला. शेवटी त्या बाईने पाटल्या मोडल्या. निवडणूक हरली. पाटल्यांचा विषय त्या घरात अजून निघतो.

बाईचे दागिने मोडले गेले की आपण टाळ्या वाजवतो, ते दुसऱ्या कुणासाठी मोडले असतील तर. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या लक्ष्मीबाईंनी वसतिगृहातल्या पोरांच्या पोटासाठी मंगळसूत्रापर्यंत सगळं दिलं, तो धडा आपण लेकरांना शिकवतो. शिकवावाच. पण स्वतःच्या उमेदवारीसाठी पाटल्या मोडणारीला ‘घर बुडवलं’ म्हणणारी जीभही आपलीच असते.

आणि मागणं ही काही महाराष्ट्राला नवी गोष्ट नाही. अंताजी दामोदर काळ्यांनी माणशी एक पैसा गोळा करून पैसा फंड उभा केला, आणि त्या पैशा-पैशांतून १९०८ मध्ये तळेगावला काचेचा कारखाना निघाला. गणपतीची वर्गणी आपण देतो, सप्त्याची देतो, मंदिराच्या कळसाची देतो. पावतीपुस्तक घेऊन चार पोरं दारात आली की आपण विचारतो, ‘किती लिहू?’ तो प्रश्न निवडणुकीतल्या बाईला का नाही?

विदर्भातल्याच एका बाईने हे करून पाहिलं आहे. वैशाली येडे. यवतमाळ जिल्ह्यातल्या राजूरच्या. शेतकरी नवऱ्याने आत्महत्या केलेली, स्वतः अंगणवाडीत मदतनीस. २०१९ च्या जानेवारीत यवतमाळला साहित्य संमेलन झालं, नयनतारा सहगल यांचं निमंत्रण मागे घेतल्यावरून रणकंदन झालं, आणि उद्घाटनाला वैशालीताई उभ्या राहिल्या. अख्ख्या महाराष्ट्राने ते भाषण ऐकलं. दोन-तीन महिन्यांत त्या प्रहार पक्षाकडून यवतमाळ-वाशीम लोकसभेला उभ्या होत्या. त्या वेळी लोकसभेची खर्चमर्यादा होती ७० लाख, आणि अंगणवाडी मदतनिसाचं मानधन काय असतं ते वेगळं सांगायला नको. लोकांनी दिलेल्या पैशांवर त्या लढल्या. मतं वीस हजारांच्या आसपास पडली, अनामत गेली. जागा भावना गवळींनी राखली, म्हणजे तिथेही निवडून आली ती बाईच, पाचव्यांदा खासदार झालेली.

मला त्या वीस हजारांचं मोल वाटतं. संमेलनात त्यांच्या भाषणाने डोळे पुसणारे किती होते आणि नंतर दहाची नोट काढणारे किती, हा प्रश्न मी स्वतःलाही विचारला आहे. रडणं फुकट असतं. आपण तिला मंचावर बसवलं, हार घातला, आणि प्रचाराच्या गाडीत डिझेल घालायची वेळ आली तेव्हा ‘ती कुठे निवडून येणार’ म्हणालो.

महाराष्ट्राबाहेरचीही दोन-तीन उदाहरणं घेऊ, पटापट.

ओडिशातल्या पुरीला २०२४ च्या लोकसभेत काँग्रेसने सुचरिता मोहंती यांना तिकीट दिलं. पक्षाकडून पैसा मिळेना, म्हणून त्यांनी लोकांकडे ऑनलाइन मदत मागितली. तीही पुरेशी जमली नाही. मे महिन्यात, मतदान तोंडावर असताना, त्यांनी तिकीट परत केलं. त्या माजी खासदाराच्या कन्या, नाव असलेल्या घरातल्या. त्यांची ही गत, तर मोताळ्याच्या किंवा संग्रामपूरच्या कार्यकर्तीने काय करायचं?

त्याच निवडणुकीत गुजरातमध्ये बनासकांठ्याला गेनीबेन ठाकोर यांनी लोकांपुढे हात केला आणि लोकांनी दहा-शंभर-पाचशे असं दिलं. समोर भाजपच्या रेखाबेन चौधरी होत्या, म्हणजे दोन्ही बाजूंनी बायकाच. गेनीबेन तीस हजारांवर मतांनी जिंकल्या. २०२४ मध्ये अख्ख्या गुजरातेत काँग्रेसची तेवढी एकच जागा आली. पुढच्या जानेवारीत दिल्लीच्या आतिशी यांनी, मुख्यमंत्री असताना, कालकाजीच्या निवडणुकीसाठी ४० लाखांची वर्गणी जाहीरपणे मागितली. पक्ष हरला, त्या साडेतीन हजारांनी निवडून आल्या.

पण मणिपूरच्या इरोम शर्मिलांचंही सांगितलं पाहिजे, नाहीतर मी फक्त सोयीचं सांगतो असं होईल. सोळा वर्षं उपोषण केलेली बाई. २०१७ ला त्यांच्या पक्षासाठी देशभरातून लोकांनी ऑनलाइन पैसे पाठवले. थौबलमध्ये मतं पडली ९०. लांबून आलेला पैसा कौतुकाचा असतो, त्याला मत चिकटलेलं नसतं. बनासकांठ्यात दहा रुपये देणारी बाई मतदानाच्या दिवशी शेजारणीला सोबत घेऊन गेली असणार, कारण तिचे दहा रुपये त्यात होते. पुण्या-मुंबईच्या भाच्याचे पाच हजार चांगलेच, पण नांदुऱ्याच्या मावशीचे पन्नास त्याहून जड. (आणि भाचा अमेरिकेचा नागरिक झाला असेल तर त्याचे घेताच येत नाहीत. परदेशी नागरिकाचा पैसा उमेदवाराला कायद्याने बंद आहे.)

कायद्याचं निघालंच आहे तर ते नीट पाहू, कारण गंमत म्हणजे कायदा बाईच्या बाजूने बराच उभा आहे आणि आपणच तो उलटा करून ठेवतो.

अर्ज भरायच्या किमान एक दिवस आधी उमेदवाराला निवडणुकीसाठी वेगळं बँक खातं उघडावं लागतं. ते खातं उमेदवाराच्या एकटीच्या नावावर किंवा तिच्या निवडणूक प्रतिनिधीसोबत असावं लागतं. प्रतिनिधी नसलेल्या घरच्या माणसासोबत ते काढता येत नाही. किती शहाणा नियम! नवऱ्याचा हात तिच्या खात्यात जाऊ नये म्हणून जणू केलेला. यावर आपण तोड काय काढतो? नवऱ्यालाच निवडणूक प्रतिनिधी करतो. झालं, चेकबुक त्याच्या खिशात. उद्या तो ‘आमदारपती’ किंवा ‘सरपंचपती’ म्हणून खुर्चीवर बसतो त्याची तालीम इथेच होते.

हिशेबाच्या वहीत तीन रंगांची पानं असतात. रोजच्या खर्चाची पांढरी, रोकडीची गुलाबी, बँकेची पिवळी. प्रचार चालू असताना निरीक्षक निदान तीनदा ती तपासतात. एका माणसाकडून रोख दहा हजारांच्या वर घेता येत नाहीत. निकालापासून तीस दिवसांत हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यावा लागतो, नाहीतर तीन वर्षं निवडणूक लढवायला बंदी येऊ शकते. बचत गटाचं रजिस्टर पंधरा वर्षं सांभाळलेल्या कुठल्याही सचिव बाईला ही वही अवघड नाही. उलट पुरुष उमेदवारापेक्षा ती बरी लिहील. तेव्हा आपल्या गटातली अशी एक बाई प्रतिनिधी करा. चेकबुक तिच्याकडे द्या.

आणखी एक. मतदाराला पैसे देणं हा गुन्हा आहे. मतदाराकडून पावतीने पैसे घेणं कायदेशीर आहे. आपण गुन्ह्याला सरावलो आणि कायदेशीर गोष्टीची लाज बाळगतो. मतदानाच्या आदल्या रात्री कडी वाजते तेव्हा दार उघडतं. दिवसाढवळ्या पावतीपुस्तक घेऊन उभ्या राहिलेल्या बाईला मात्र ‘मालक घरी नाहीत’ असं सांगितलं जातं.

मात्र एके ठिकाणी कायदाही कोता पडतो, आणि तिथे माझी तक्रार आहे. तुम्ही राजकीय पक्षाला बँकेतून देणगी दिलीत तर जुन्या करपद्धतीत प्राप्तिकरात ती पूर्ण वजा होते. तीच रक्कम एखाद्या अपक्ष बाईच्या निवडणूक खात्यात टाकली तर एक रुपयाही वजा होत नाही. पक्षाला वीस हजारांपर्यंत देणाऱ्याचं नाव आयोगाला कळवावं लागत नाही. उमेदवाराच्या हिशेबात मात्र देणाऱ्याच्या नावाचा रकाना आहे. म्हणजे पक्षाच्या तिजोरीत टाकणाऱ्याला सवलतही आणि आडोसाही, आणि पक्षाने तिकीट नाकारलेल्या बाईला देणाऱ्याला दोन्ही नाही. वर निवडणूक रोखे होते तोवर कोटी कोटी रुपये नाव न सांगता जात होते. त्यातला बहुतेक पैसा एक-एक कोटीच्या रोख्यांतून आला. १५ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने ते रोखे घटनाबाह्य ठरवून बंद केले तेव्हा मला बरं वाटलं. पण कोटीवाल्याला नाव लपवता येऊ नये हे जितकं खरं, तितकंच पन्नास रुपयेवालीला ते लपवता यावं हेही खरं.

कारण भीती खरी आहे. मत गुप्त असतं, पावती गुप्त नसते. गावात विरोधातल्या बाईला शंभर रुपये दिले हे कळलं तर घरकुलाच्या यादीतून नाव खाली सरकतं, विहिरीच्या अनुदानाचा कागद कुठे तरी अडकतो, पोराच्या कंत्राटी नोकरीचं नूतनीकरण राहून जातं. हे मी कल्पनेने लिहीत नाही, तुम्ही सगळे मान डोलावत असाल. म्हणून मला दोन गोष्टी हव्या आहेत. उमेदवाराला दिलेल्या देणगीलाही पक्षाच्या देणगीइतकीच करसवलत, आणि पाचशे रुपयांपर्यंत देणाऱ्याचं नाव निरीक्षकाला दाखवलं तरी जाहीर न करण्याची मुभा. रक्कम इतकी लहान ठेवली की काळा पैसा त्या फटीतून शिरायला जागा उरत नाही.

बाहेरचं एकच उदाहरण आणखी, कारण ते आपल्या स्वयंपाकघरातलं आहे. १९८५ मध्ये अमेरिकेत एलेन माल्कम नावाच्या बाईने काही मैत्रिणी जमवल्या आणि पत्ते लिहिलेल्या वह्या काढून ओळखीपाळखीच्या बायकांना पत्रं पाठवायला सुरुवात केली: अमुक एक बाई निवडणुकीला उभी आहे, तिच्या नावाने चेक पाठवा. संघटनेचं नाव एमिलीज लिस्ट. एमिली कुणी बाई नव्हे. सुरुवातीला आलेला पैसा यीस्टसारखा असतो, त्याने पीठ फुगतं, अशा अर्थाच्या इंग्रजी वाक्याची ती आद्याक्षरं आहेत. पुढच्याच वर्षी मेरीलँडच्या बार्बरा मिकुल्स्की सिनेटवर निवडून गेल्या.

आपण म्हणू, विरजण. पातेलंभर दुधाला चमचाभर विरजण लागतं, पण ते रात्री लागतं. सकाळी दही हवं तेव्हा लावून उपयोग नाही. आपल्याकडे बाईला मदत करणारे प्रचाराच्या शेवटच्या आठवड्यात येतात. तोवर तिकीट दुसऱ्याला गेलेलं असतं. सहा महिने आधी, मुलाखतीच्या खोलीत जाण्याआधी, तिच्यामागे हजार-दोन हजार बायका शंभर-शंभर द्यायला तयार आहेत अशी सह्यांची यादी तिच्या हातात असेल, तर ‘खर्चाचं काय?’ या प्रश्नाला ती टेबलावर काहीतरी ठेवू शकेल. आणि ती यादी नुसत्या पैशाची नसेल. ती मतांचीही यादी असेल, आणि हे समोरचे पुढारी बरोबर ओळखतात.

बायकांकडे पैसा कुठला, असं कुणी विचारेल. तुळईवरच्या डब्यातल्या नोटा मी लहानपणापासून पाहिल्यात. बचत गटात महिन्याला शंभर-दोनशे टाकणाऱ्या बायका या जिल्ह्यात गावोगाव आहेत. गटाच्या खात्याला, सरकारी फिरत्या निधीला हात लावायचा नाही, हे आधीच स्पष्ट सांगतो. स्वतःच्या बटव्यातले द्यायचे. २०२४ च्या ऑगस्टपासून लाडकी बहीण योजनेचे महिन्याला १,५०० रुपये खात्यावर येऊ लागले. ते पैसे बायकांनी कशाला खर्चले ते विचारा: औषध, शाळेची फी, शेळी, शिलाई मशीन. चांगलंच केलं.

पण यातली एक गोष्ट मला सतत टोचते. राजकारणाने बाईकडे कायम घेणारी म्हणून पाहिलं. संक्रांतीला हळदीकुंकवाचं वाण, निवडणुकीला साडी, भांडी, मग खात्यावर रक्कम. प्रत्येक पक्ष तिला काहीतरी द्यायला निघालेला. तिच्याकडे मागायला कुणी गेलं नाही. माणूस ज्याच्याकडे मागतो त्याचं तो देणं लागतो. ज्याला नुसतं देतो त्याच्याकडून फक्त आभाराची अपेक्षा ठेवतो. बाईला ‘ताई, शंभर रुपये द्या, हिशेब मी तुम्हाला देईन’ असं म्हणणं, यापरता तिचा नागरिक म्हणून दुसरा मान मला दिसत नाही.

१२ जानेवारीला सिंदखेडराजाला जिजाऊंच्या जन्मस्थानी सगळ्या पक्षांचे पुढारी माथा टेकवतात. त्या दिवशीच्या भाषणांत जिजाऊंच्या लेकींचं फार कौतुक असतं. त्यांपैकी किती लेकींच्या निवडणूक खात्यात तुमच्या नावाची पिवळ्या पानावरची नोंद आहे, असा प्रश्न तिथे एखाद्या वर्षी कुणी तरी विचारावा, अशी माझी फार इच्छा आहे.

आणि बुलढाण्याने ताराबाई शिंद्यांना तरी विसरू नये. याच गावची बाई. १८८२ मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ पुण्याला छापून आलं. प्रती पाचशे, किंमत नऊ आणे. गावाने त्या बाईला काय काय बोलून घेतलं असेल त्याची कल्पना करवत नाही. जोतीराव फुले पाठीशी उभे राहिले. ज्या कुणी नऊ आणे मोजून ती प्रत विकत घेतली, त्यांची नावं कुठे लिहिलेली नाहीत. एका फटकळ बाईच्या शब्दांसाठी गाठीचे पैसे मोजणारी ती माणसं मला नेहमी भेटावीशी वाटतात.

गेल्या महिन्यात घाटाखालच्या एका गावात बचत गटाच्या बैठकीला जाऊन बसलो होतो. अकरा बाया होत्या. कर्जाचे हप्ते लिहून झाले, चहा आला. मी विचारलं, आजवर कुठल्या निवडणुकीत कुणा उमेदवाराला तुम्ही पैसे दिलेत का? आधी कुणाला प्रश्नच कळला नाही. मग दोघी-तिघी हसल्या. एक म्हणाली, ‘भाऊ, उलटं इचारून रायले तुमी. ते देतेत, आपुन घेतो.’ मी म्हटलं, पण एखादी तुमच्यातलीच उभी राहिली, आणि तिने मागितले तर?

हसणं थांबलं. कोपऱ्यात बसलेली, साठीच्या पुढची, हातावर तुळस गोंदलेली बाई तोवर काही बोलली नव्हती. तिने कमरेचा बटवा चाचपला, जणू आत किती आहेत ते पाहत होती.

‘आमाले आजवर कोनी मांगतलेच नाई,’ ती म्हणाली.